उघडल्यावर गेट जातं कुठे

अंगणात भिंत घातली की घरात आपोआप शांतता नांदू लागेल, असं मामांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मामा सगळंच छातीठोकपणे सांगत, आणि चुकलं की तितक्याच छातीठोकपणे त्याच्या उलट सांगत. निम्म्या नातेवाइकांची घरं त्यांनी मध्ये बसून अशीच वाटून दिली होती. त्यांपैकी एकाही घरात आता त्यांना कुणी बसा म्हणत नसे, ही गोष्ट वेगळी. या घरात मात्र त्यांचा मान अजून शाबूत होता, कारण इथलं वाटप अजून पुरतं व्हायचं होतं.

भिंत उभी राहिली आणि भांडण भिंतीवरून उठून गेटवर येऊन बसलं. रस्त्याकडचं जुनं मोठं गेट थोरल्या भावाच्या, दादाच्या, वाट्याला गेलं. वडिलांनी, अण्णांनी, उमेदीच्या काळात स्वतःच्या हातांनी केलेलं, दोन झडपांचं, वर भाल्यांची रांग असलेलं ते गेट दादा सकाळी उठून असा न्याहाळायचा की जणू एखादा गड सर करून आणलाय. धाकट्या छोटूच्या वाट्याला आली कंपाउंडला पाडलेली नुसती खिंड. आजोबांपासून गेटं बनवत आलेल्या घराण्याच्या या वारसाने त्या खिंडीला पत्रा लावून ठेवला होता, आणि ओळखीची गिऱ्हाइकं त्यांच्या बहिणीला, अक्काला, मुद्दाम विचारायची, "हे तुमचं नवीन मॉडेल का?"

छोटू आता छोटू म्हणावा असा राहिला नव्हता. केस गेले होते, पोट आलं होतं, पण नाव काही जात नव्हतं आणि दादाशी बरोबरी करण्याची हौसही जात नव्हती. पत्र्याच्या जागी असं गेट बसवायचं की दादाच्या भाल्यांनी लाजून माना खाली घातल्या पाहिजेत, असा त्याने चंगच बांधला होता. रुळावरून सरकणारं, मोटर लावलेलं, रिमोटवर चालणारं. खाली नक्षी कापलेला पत्रा, वर उभे गज. वर्कशॉपची माणसं दुपारी ते बसवून गेली आणि संध्याकाळी छोटूने सगळ्यांना बघायला बोलावलं. दादा आणि मोठी वहिनी भिंतीला वळसा घालून आली. आली नसती तर पोटात दुखतंय असं दिसलं असतं, आणि आल्यावर नावं तरी ठेवता येणार होती.

अक्का तिच्या खोलीत सगळ्यांसाठी चहा करत होती. दादाकडचा चहा छोटू पीत नव्हता आणि छोटूकडचा दादा. दोन्ही स्वयंपाकघरांचा अबोला सुरू झाल्यापासून अक्काच्या शेगडीला उसंत नव्हती.

तिची खोली म्हणजे मूळचं ऑफिस. वर्कशॉप घरामागे होतं तेव्हाचं. रस्त्याकडे तोंड, एक दार, एक खिडकी, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, साखळ्या आणि कुलपांची सँपलं, जी वर्कशॉप गावाबाहेर गेलं तरी इथेच राहिली. नवऱ्याला कायमचा रामराम करून अक्का परतली तेव्हा ही खोली तिला मिळाली. घरातही नाही आणि घराबाहेरही नाही, म्हणून सगळ्यांच्याच सोयीची. कुणाला सांगून उपयोग नव्हता, पण अक्काला ती मनापासून आवडली होती, आणि ती त्या दारामुळे. ते थेट रस्त्यावर उघडायचं. ती कधी गेली, कधी आली, कुणाबरोबर आली, हातात काय होतं, हे इतक्या वर्षांत कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सासरी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी चार तोंडांची परवानगी लागायची. त्यानंतर हे दार म्हणजे तिच्या आयुष्यातली एकमेव चैन होती.

वाटपात ही खोली कुणाची, हा प्रश्नच निघाला नाही. भिंत घालताना ती छोटूच्या बाजूला आली, एवढंच. "अक्का काय, दोन्हीकडची," दादा म्हणाला होता, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. फुकटात मिळणारा मोठेपणा कुणीही घेतो.

वर्कशॉपमध्ये अक्काचं काम गिऱ्हाइकाला बोलतं करण्याचं. गेट कशासाठी हवंय, हा तिचा पहिला प्रश्न. लोक म्हणत, चोरासाठी. खरं तर गुरांसाठी गेट लावणारा सगळ्यांत प्रामाणिक. आतलं आत राहावं, एवढीच त्याची अपेक्षा. दुकानदाराला घडी होणारं चॅनेल गेट हवं असतं, कारण त्याला सगळं दिवसभर दाखवायचंय आणि रात्रभर लपवायचंय. बंगलेवाल्याला चोराची फारशी पर्वा नसते, त्याला शेजाऱ्यावर कडी करायची असते. आणि मोठ्या दरवाजात छोटी दिंडी काढून मागणारा माणूस तर फार धोरणी. त्याला पाहुणे मोजून आत घ्यायचे असतात, तेही वाकवून.

मग दुसरा प्रश्न. गेट उघडल्यावर जातं कुठे? बंद गेट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं, उघडं कुणाच्याच नसतं. झडपांच्या गेटला पुढे जागा लागते, सरकत्याला बाजूला त्याच्याच लांबीएवढी लागते, घडीच्या गेटला थोडी थोडी लागते. हे अण्णांनी दोन्ही मुलांना मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं, आणि दोघेही गिऱ्हाइकापुढे हे असं म्हणून दाखवत की जणू शोध त्यांनीच लावलाय.

नव्या गेटचा रूळ आपल्या उंबऱ्यापुढून गेलेला अक्काने सकाळी पाहिला होता. छोटू काहीतरी बघूनच करत असेल, असं तिला वाटलं. वय झालं की माणूस असं भाबडं होतं.

"वन्सं, बघताय ना?" बाहेरून छोटूच्या बायकोची, धाकटीची, हाक आली. रिमोट अर्थात तिच्या हातात होता. "खिडकीतून बघा, छान दिसेल."

मोटर घुमली. गेट लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं. आधी खिडकीपुढून गेलं, मग दारापुढे आलं, आणि तिथे थांबलं. खोलीत अंधारून आलं. दाराबाहेर जेमतेम वीतभर अंतरावर पत्र्याची नक्षी, तिच्यावर गज, आणि गजांपलीकडे रस्ता, अंगण, झाडून सगळं कुटुंब. बाहेर मामा म्हणाले, "वा." छोटूने आवाज नाही, हिसका नाही, एवढं सांगून घेतलं. दादा म्हणाला, "रंग जरा भडक झाला." अण्णा खुर्चीत बसून रूळ बघत होते.

"अक्का, चहा कुठाय गं?" मामांनी विचारलं.

"तयार आहे," अक्का आतून म्हणाली. "घेऊन कुणीकडून येऊ, ते तेवढं सांगा."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि दादा हसला. भिंत घातल्यापासून तो मनापासून हसल्याचं अक्काने पहिल्यांदाच ऐकलं.

"घ्या," तो म्हणाला. "बहिणीला कोंडलं. गेट उघडल्यावर जातं कुठे, म्हणे. इथे जातं."

"तूच तर बोंबलत होतास," छोटू उसळला. "रूळ माझ्या हद्दीत एक इंचही यायला नको म्हणून. सबंध आठवडा टेप घेऊन उभा होतास भिंतीशी."

"भिंतीशी होतो. तिच्या दाराशी बघायचं काम तुझं होतं."

ही चूक फक्त या दोघांच्याच हातून होऊ शकत होती. गावभर लोकांना उघडं गेट डोळ्यांपुढे आणा म्हणून सांगणाऱ्या दोन भावांनी एकमेकांवर इतकी कडक नजर ठेवली होती की मधला सबंध दरवाजा कुणालाच दिसला नाही.

"अहो, वन्संचा जीव घुसमटत असेल आत," मोठी वहिनी म्हणाली. अक्काच्या जिवाची ही विचारपूस नवी होती, आणि धाकटीकडे बघून केलेली होती.

"घुसमटायला काय झालं?" धाकटी म्हणाली. "गेट बंद केलं की दार मोकळं. दिवसभर बंदच तर असणार. उघडायचं फक्त गाडी काढताना."

"आणि तेव्हा मला बाहेर पडायचं असलं तर?" अक्काने विचारलं.

"तर दोन मिनिटं थांबायचं."

"आणि मी बाहेर असले, गेट उघडं टाकून तुम्ही गावाला गेलात, तर?"

"तर फोन कर," छोटू म्हणाला. "अक्का, तू पण ना. फाटे फोडायचे म्हटले तर कशालाही फुटतात."

दादाने पुढे होऊन गज धरले. तो आता बहिणीचा कैवारी झाला होता आणि ही भूमिका त्याला शोभतही होती. "तिचं बरोबर आहे. गेट काढ. माझ्या बहिणीच्या दारापुढे हे चालणार नाही."

"बरं. मग दुसऱ्या बाजूला सरकवतो," छोटू शांतपणे म्हणाला. "तुझ्या गेटपुढून."

कैवार तिथेच संपला. दादाने गज सोडले आणि हात पुसले. "माझ्या गेटपुढून? डोकं ठिकाणावर आहे का? तसं बघितलं तर अक्काला एवढं काय जायचं यायचं असतं म्हणा."

मग सगळे आपापली अक्कल पाजळायला लागले. झडपांचं करावं, तर आत चढ आहे, झडप जमिनीला घासणार. आणि बाहेर उघडलं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकावर बसणार. घडीचं करावं, तर धाकटी म्हणाली, दुकानासारखं दिसतं, माझ्या माहेरचे काय म्हणतील. छोटूला दिंडी सुचली. गेटमध्येच छोटं दार काढू, बरोबर अक्काच्या दारासमोर येईल असं.

"म्हणजे माझ्या दारापुढे आणखी एक दार," अक्का म्हणाली. "त्याची किल्ली कुणाकडे?"

किल्ली कुणाकडे, हे विचारल्याबरोबर या घरात सगळ्यांनाच आपापली कामं आठवत.

मामांनी घसा साफ केला. "मी एक सांगू का? या दाराची गरज काय मुळात?"

आत अक्काच्या हातात गाळणी होती, ती तशीच राहिली.

"रस्त्यावरचं दार," मामा म्हणाले. "एकटी बाई. दिवस कसले आलेत. ते बुजवून टाका, आणि आतून छोटूच्या स्वयंपाकघरात एक दार काढा. ती सुरक्षित, गेट सुरक्षित, आणि पोरीला माणसांत राहिल्यासारखं होईल."

आणि मग चमत्कार झाला. किती महिने ज्या चार माणसांचं मिठावरूनसुद्धा एकमत होत नव्हतं, ती चौघं एकदम हो म्हणाली. वहिनी म्हणाली, मी कधीपासून म्हणत होते. धाकटी म्हणाली, वन्संचा हात लागला तर मलाही बरंच. छोटू म्हणाला, वीट-सिमेंट पडलेलंच आहे. दादाला फक्त एक शंका होती.

"खोली तुझ्या घरात उघडली की ती तुझी झाली," तो म्हणाला. "मग मागचं गोडाऊन मला पाहिजे."

"गोडाऊन मोठं आहे खोलीपेक्षा."

"पण खोली रस्त्यावर आहे."

"त्यात अक्का आहे ना."

"अक्का काय कायमची आहे?" दादा म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "म्हणजे, आपण कुणीच नाही."

"ठीक आहे," मामा म्हणाले. "खोली छोटूला, गोडाऊन दादाला. मिटलं."

अक्का गजांमागे उभी राहून हे सगळं ऐकत होती. वीतभर अंतरावर. कुणी आवाजही खाली घेतला नव्हता. तिला राग आला, पण रागाच्या आधी वाईट वाटलं, आणि ते किती वाटावं याला सुमार नव्हता. दोन्हीकडची, या शब्दावर तिने खरोखर विश्वास ठेवला होता. भाऊ भांडले तरी आपल्यावरून भांडणार नाहीत, असं तिला वाटायचं. ते भांडत नव्हतेच. ते किती गुण्यागोविंदाने तिची अदलाबदल करत होते. आता रोज सकाळी धाकटीच्या ओट्याशेजारून बाहेर पडायचं, कुठे निघालात वन्सं म्हणून विचारलं की सांगायचं, आणि संध्याकाळी पुन्हा हजेरी लावायची. सासरचं ते घर सोडून ती एवढी लांब आली होती, आणि तेच घर इथे तिच्या भिंतीपलीकडे तिची वाट बघत बसलं होतं.

"चल, गेट बंद करतो," छोटू म्हणाला. "चहा आण आता. सगळे ताटकळलेत."

अक्काने शेगडी बंद केली. फळीवरची सगळ्यांत जाड साखळी काढली. ती तिने नव्या गेटच्या दोन गजांतून आणि आपल्या खिडकीच्या गजांतून ओवली, आवळली, आणि तिला कुलूप लावलं. घाई केली नाही. खिडकीचे गज अण्णांनी बसवलेले होते, ते हलण्यातले नव्हते.

धाकटीने बटण दाबलं. मोटर घुमली, गुरगुरली, गेट जरासं थरथरलं आणि मोटर बंद पडली. तिने पुन्हा दाबलं. मोटर या खेपेला गुरगुरलीसुद्धा नाही.

"अक्का, काय केलंस तू?" छोटू गजांशी आला.

"काही नाही. सँपल लावून बघितलं. माल चांगला आहे."

"कुलूप काढ."

"कशाला? उघडं गेट छान दिसतंय की. सगळ्यांना बघता येतंय."

"अगं, गाडी आत आहे. गेट सताड उघडं राहील रात्रभर."

"मी आहे ना. दारातच आहे."

"मी ग्राइंडर आणून साखळी तोडेन हं," छोटू म्हणाला.

"आण ना," दादा म्हणाला. वर्कशॉपच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या आणि त्याने त्या खिशावर हात ठेवला. छोटूचं गेट बंद न होण्यात केवढा आनंद आहे हे त्याच्या आत्ता लक्षात आलं होतं. गोडाऊन काय, पळून जात नव्हतं.

रस्त्यावर दोनचार माणसं थांबली होती. पलीकडचे शेजारी फिरायला निघाले होते, ते कौतुकाने म्हणाले, "झालं का बसवून? फारच सुंदर. बंद करून दाखवा की एकदा."

छोटूने त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. गेट बनवणाऱ्या घरात बंद न होणारं गेट बसल्याची बातमी सकाळपर्यंत गावभर होणार, हे तिथे सगळ्यांना कळून चुकलं. मामांनी घड्याळ बघितलं. त्यांना कुठेतरी जायचं होतं असं त्यांना आठवलं.

"अक्का, तमाशा करू नकोस," दादा हळू आवाजात म्हणाला. "आपण घरात बसून बोलू."

"कुणाच्या घरात?" अक्काने विचारलं. "तुझ्या, का त्याच्या? माझं होतं ते आत्ता गोडाऊनच्या बदल्यात गेलं. हे दार मी बुजवू देणार नाही, दादा. मला आत कोंडून घ्यावं लागलं तरी चालेल. कोंडून घेणारी मी असले म्हणजे झालं."

"भावोजी, तुम्ही सांगा तिला," मामा अण्णांना म्हणाले. "तुमचं ऐकेल."

अण्णा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, आणि त्यांना हात दिलेला चालत नाही. ते रुळावरून पाय जपून टाकत खिडकीशी आले. त्यांनी आधी साखळी बघितली, कुलूप बघितलं, गज हलवून बघितले. सवयच ती. मग गजांमधून आत बघितलं.

"अक्का."

"बोला अण्णा."

"वाटपात तुझं मी धरलंच नाही."

"माहीत आहे."

"दोन्हीकडची वगैरे ते हे लोक म्हणाले. माझं तसंही नव्हतं. मला वाटलं, तू काय, आहेसच." त्यांनी खिडकीचा गज धरला. "तुझ्या दारावरून रोज जातो मी. पण आत तू आहेस, हे कधी बघितलंच नाही."

बापाने असं काही बोलावं अशी अक्काने कधी अपेक्षाच ठेवली नव्हती.

"मामा म्हणाले ते सोड. पोरं म्हणाली तेही सोड," अण्णा म्हणाले. "तुला काय हवंय?"

हा तिचा प्रश्न होता. ऑफिसात खुर्ची पुढे ओढून, पाणी देऊन, तिने तो सगळ्या गावाला विचारला होता. लोकांना काय हवंय ते लोकांच्या आधी तिला कळायचं. आणि आज तो तिच्याकडे आला तेव्हा तिला एकही उत्तर सुचेना. ती रडली, तोंडावर पदर न घेता, गजांसमोर उभी राहून, रस्त्यावरच्या माणसांदेखत. मग तिने डोळे पुसले.

"दार बुजणार नाही," ती म्हणाली. "एवढं आत्ता सांगते. बाकीचं विचार करून सांगते."

"विचार करून म्हणजे कधी?" छोटू म्हणाला. "अण्णा, रात्र पडेल. गेटचं काय? तिला विचारा ना, निदान आजच्या दिवस—"

"छोटू," अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक विचार करत असताना मध्ये बोलायचं नसतं."

आणि ते तिथेच, रुळाशेजारच्या कट्ट्यावर, पोरांकडे पाठ करून तिच्या दाराशी बसले.